शिंपल्यांचे दिवे आणि मोहनसिंगाची भिंत

मी, भुरीबाई भ्रतार कै. देवला राठोड, जात बंजारा, वय सत्तरीच्या आसपास (नक्की सांगणारे कोणी उरले नाही), धंदा दिवे घडवणे, राहणार लोणतांडा, मौजे अनसिंग, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, माझ्यामागे भांडणे होऊ नयेत म्हणून, आणि झालीच तर ती मी जिंकावीत म्हणून, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कान जरा कमी ऐकतात, पण ऐकण्यासारखे कोणी बोलतही नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. तशी हिंमत असलेला माणूस या तांड्यात अजून जन्मायचा आहे.

मी तोंडाने सांगते आणि अनसिंगचे अर्जनवीस जगदेव ते कागदी भाषेत उतरवतात. धंद्याच्या जागी त्यांनी आधी "घरकाम" लिहिले होते. मी ते खोडायला लावले. घरकाम सगळ्याच बायका करतात. आठवडी बाजारात जिच्या हातचे दिवे लोक नावाने मागतात, अशी बाई वाशीम तालुक्यात मी एकटीच आहे.

दारात माझा दीर मोहनसिंग बसला आहे. तो तांड्याचा नाईक आहे, आणि तांड्यात कागद होतो तेव्हा नाईकाने हजर असावे अशी रीत आहे. बसू दे. त्याने ऐकावे असेही पुढे बरेच आहे.

कलम १. माझी वारस माझी सून ललिताबाई, माझा एकुलता एक मुलगा कै. उदयसिंग याची विधवा. हे घर, मागचे दिव्यांचे छप्पर, त्यातले सगळे शिंपले, लाकूड, वाळू, हत्यारे आणि तयार दिवे मी तिला देते. देवलाचे शेत भावाशी सामाईक होते, ते मोहनसिंगाकडे गेलेलेच आहे आणि त्यावर माझे काही म्हणणे नाही. पण हे घर दिव्यांच्या कमाईतून उभे राहिले. त्याच्या एका कुडालाही दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही.

हे लिहून ठेवण्याचे कारणही लिहिते. आमच्या तांड्याची रीत अशी की नवरा गेला म्हणजे बाईने त्याच्या भावाच्या घरात जायचे, आणि तिच्यामागून तिचे घर, भांडी, बकऱ्या सगळे जायचे. उदयसिंगाला भाऊ नव्हता. म्हणून मोहनसिंगाचा मुलगा हेमसिंग चुलतभावाच्या नात्याने ललितेवर हक्क सांगणार. हेमसिंगाची बायको जिवंत आहे, धडधाकट आहे आणि तिला कोणी विचारलेलेही नाही. मी आहे तोवर तो गप्प आहे. माझे डोळे मिटले की त्याचे तोंड उघडेल, हे मला आजच दिसते.

तेव्हा स्पष्ट लिहा जगदेव: ललिताबाईने लग्न करावे की न करावे, कोणाशी करावे, हे तिचे ती ठरवील. ती कोणाच्याही घरी गेली तरी घर, छप्पर आणि शिंपले तिच्याच मालकीचे राहतील. हा एक मुद्दा टिकला तर बाकीचा कागद उंदरांनी खाल्ला तरी चालेल.

कलम २. हे दिवे आले कुठून, ते वारसाला ठाऊक असावे. माझ्या बापाचा तांडा मीठ आणायचा. वऱ्हाडातले धान्य बैलांच्या पाठीवर घालून घाट उतरायचे, आणि दर्यावरून मीठ भरून परत यायचे. पुढे आगगाडीने ते काम हिसकावले. बैल लादून केलेल्या आमच्या शेवटच्या फेरीत, लदेणीत, मी होते, परकर सावरत बैलांमागे चालणारी पोर. दर्याकाठच्या एका कोळ्याच्या घरात मी खिडकी पाहिली. काचेच्या जागी शिंपले बसवलेले, पातळ, सपाट, तळहाताएवढे. बाहेर ऊन रणरणत होते आणि आत मात्र ताकासारखा निवळ, थंड उजेड होता. मी तिथून हलेना.

संध्याकाळी बापाने विचारले, "काय वो पोरी, समुद्र पाह्यला का?"

मी म्हटले, "नाई बा. खिडकी पाह्यली."

येताना तसले शिंपले मी मिठाच्या गोण्यांत पुरून आणले. मिठात होते म्हणून एवढा घाट चढूनही ते फुटले नाहीत. आजही अकोल्याच्या मिठाच्या वखारीतून माझा माल येतो तो मिठातच येतो. लाटांनी झिजवलेले लाकूड, नारळाचा काथ्या आणि वाळूही तिथूनच येते. समुद्र आमच्यापासून लांब आहे. पण मीठ इथवर येते, तर उजेड का येऊ नये?

कलम ३. दिव्याची घडण. ललितेला ती माझ्याइतकीच येते, तरी लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी आपल्या नावावर खपवणार नाही.

पहिला दिवा मी केला तो बंजारणीच्या सवयीने. आम्ही फेटियाच्या, म्हणजे आमच्या घागऱ्याच्या, घेरावर भोक पाडलेल्या कवड्या शिवतो, तसे शिंपल्यांना भोक पाडून दोऱ्याने शिवले. देवला बघून म्हणाला, "दिव्याले फेटिया नेसवला काय वो?" आणि पोट धरून हसला. दिवा तापला तसे शिंपले भोकापासून तडकले. मग मी भोक पाडणे सोडले आणि लाकडाच्या काड्यांना खाचा करून त्यांत शिंपले घट्ट बसवले. तो दिवा वारा न मिळून गुदमरला आणि आतून काजळला. उत्तर शेवटी डोक्यावरच सापडले. अनसिंगला पाटलाच्या घरावर कौले चढत होती, एकावर एक, जरा जरा सुटी. मी शिंपले तसेच लावले. खालून वारा आत जातो, वरून धूर निघतो, आणि झुळूक आली तरी ज्योत हलत नाही.

तेलासाठी खोलगट शिंपला, मागे चकाकत्या पोटाचा दुसरा, म्हणजे उजेड भिंतीवर वाया न जाता ताटात पडतो. बुडाशी समुद्राची वाळू, म्हणजे दिवा कलंडत नाही आणि सांडलेले तेल तिच्यात जिरते. बांधणी काथ्याची, खिळा एकही नाही. तेल करंजाचे. करंज ओढ्याकाठी आपोआप वाढतो, बिया फक्त वेचायच्या. वास जरा उग्र येतो, त्याची सवय होते. एक शिंपला फुटला तर तेवढाच काढून दुसरा सरकवायचा. कंदिलाची काच फुटली की माणूस अकोल्याची वाट बघत अंधारात बसतो.

लढाई सुरू झाली, घासलेट मिळेनासे झाले, आणि साऱ्या मुलखातले कंदील खुंटीला लटकले ते लटकलेच. त्या दिवसांत माझ्या दारापुढे बैलगाड्या उभ्या राहिल्या. रिसोडपासून लोक आले. कालपर्यंत "समुद्राची हाडं घरात कोन टांगन?" म्हणणारे हात जोडून उभे होते. मी सगळ्यांना दिवे दिले आणि कोणालाही टोमणा मारला नाही. मनात मात्र भरपूर मारले, आणि फार बरे वाटले.

कलम ४. बारीक करवत, कानस आणि पटाशी ललितेची. कानस ओल्या हाताने धरू नये. अकोल्याचा एक व्यापारी मागे आला होता, पत्र्याच्या चौकटीत शिंपले सरसाने चिकटवून गाडीभर दिवे करू म्हणत होता. तो पुन्हा आला तर त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावे. शिकायला मात्र कोणतीही बाई आली, कोणत्याही जातीची, तरी तिला शिकवावे. शिकलेल्या बाईने दिव्याच्या बुडाशी एक कवडी बसवावी. ती आमची खूण आहे. कवडी नसेल तो दिवा माझ्या घडणीचा नव्हे.

कलम ५. माझी चांदी हेमसिंगाच्या बायकोला द्यावी. तिने माझे काही केलेले नाही आणि माझे काही बिघडवलेलेही नाही. बाईजवळ स्वतःचे म्हणून काहीतरी असावे, एवढेच.

कलम ६. मोहनसिंगाच्या घराच्या भिंतीवरचा चुना.

देवला गेला तेव्हा रीतीप्रमाणे मोहनसिंग वाट बघत राहिला, की मी पोर आणि बकऱ्या घेऊन त्याच्या घरात येईन. मी पंचांपुढे उभी राहून नाही म्हटले. माझ्या आधी कोणी तसे म्हटले नव्हते. पुढे मी रिसोडच्या बाजाराला गेले असताना अकोल्याहून माझी पोती आली. मोहनसिंगाने ती आपल्या अंगणात उतरवून घेतली, भट्टी लावली आणि सगळे शिंपले भाजून चुना केला. त्या चुन्याने घर रंगवले. मी आले तो भिंती ओल्याच होत्या. म्हणतो कसा, "शिंपले म्हंजे चुनाच ना भाभी? मले काय मालूम तू त्यायचं काय करतं!"

त्याला मालूम होते. त्याच्या लग्नाच्या मांडवात माझाच दिवा टांगला होता. त्या भिंतीकडे बघून मी रडले, एकदाच, आणि मग पुन्हा माल मागवला. वरून त्याने दर दिवाळीला हात मारला असेल, तरी खालचा पहिला हात माझ्या शिंपल्यांचा आहे. तो चुना मी मोहनसिंगाला कायमचा बक्षीस देते. खाली माझे नाव आहे हे त्याने लक्षात ठेवून वर खुशाल रंग द्यावा.

कलम ७. मला नेताना घरात एक दिवा लावावा आणि मागे जेवणे व्हावीत. माझा दिवा देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहू नये. तो माणसे जेवतात तिथे टांगावा, मी तो त्यासाठीच केला.

येणेप्रमाणे वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे. अर्ज लिहिणारे बाईच्या नावापुढे निशाणी म्हणून बांगडी काढतात. मी बांगडी नाकारली. माझ्या नावापुढे दिवा काढला आहे, आणि जगदेवांनी तो वाकडा काढला आहे, पण ओळखू येतो.

मुक्काम लोणतांडा. रविवार, माघ शुद्ध पंचमी, शके १८६५. तारीख ३० जानेवारी १९४४.

भुरीबाई भ्रतार देवला राठोड, निशाणी दिव्याची.

साक्ष १. मारोतराव विठोबा सातव, राहणार अनसिंग, सही दस्तूर खुद्द.

साक्ष २ संबंधी खुलासा, भुरीबाईच्या सांगण्यावरून जगदेव अर्जनवीस लिहितो. दुसरा साक्षीदार सांगूनही आला नाही. उद्या कोणाला तरी आणू असे म्हणून मी दौत झाकत असता मोहनसिंग नाईक दारातून उठून आत आले व म्हणाले, "उद्याले कायले? मी हाव ना."

मी म्हटले, कागदात ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, पुढे वाद निघतो.

"मले काय मिळून राह्यलं?"

"चुना," भुरीबाई म्हणाल्या.

"मंग थो खोडून टाका."

भुरीबाईंनी विचारले, "काहून रे? तुह्या पोराचा हक्क जाते ह्या कागदानं. समजून राह्यलं का तुले?"

"समजते. म्हनूनच अंगठा माहा पायजे. दुसऱ्याचा घेतला त हेमसिंग पंचायतीत म्हनन, म्हातारीनं चोरून लिवलं. बापाचा अंगठा पाहून काय म्हनन थो?" मग म्हणाले, "भाभी, घासलेट सरलं तवा माही बायको तुह्या घरून दिवा घेऊन आली. मी नाई म्हनलो नाई. तवापासून माही नातवंडं त्याच्याखाली जेवून राह्यली, अन् ललिता येऊन त्याची वात नीट करून जाते. माह्या भट्टीत किती दिवे जळाले ते मले आता दिसून राह्यलं."

भुरीबाईंनी कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मग त्यांनी मला लिहायला सांगितले ते असे:

कलम ६ रद्द. मोहनसिंगाच्या भिंतीवरचा पहिला चुना आता कलम १ प्रमाणे ललिताबाईच्या मालकीचा झाला. तिने तो काढून आणू नये. आहे तिथे राहू द्यावा आणि येता-जाता बघावा.

साक्ष २. मोहनसिंग राठोड, नाईक, लोणतांडा. डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याला आधीच पानाचा चुना लागलेला होता, त्यामुळे ठसा मधोमध पांढरा उमटला आहे. भुरीबाईंनी दुसरा ठसा घेऊ दिला नाही. हाच बरोबर समजावा.