पितळेचा जॉइंट

गुरुवार, एप्रिल २००७. भिवंडी.

काचेच्या टाकीतली माझी सगळी लाल कोळंबी मेली. दुसरं काही नाही, तो पितळेचा जॉइंट. फिल्टरचं शुद्ध पाणी टाकीत नेणाऱ्या नळीला मी मुद्दाम प्लास्टिकचा लावला होता. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं, कोळंबीला ते विषच. पण प्लास्टिकचा गळायचा. कापडाचे लूम विकल्यापासून गप्प बसून असलेल्या बाबांनी परवा न सांगता पितळेचा आणून बसवला. किती दिवसांनी पाना धरला होता त्यांनी!

आज नवा प्लास्टिकचा आणलाय. खिशातच आहे. पितळेचा काढू कसा?

जेवताना बाबांनी विचारलं, "कशानं मेली रं?"

"उकाड्यानं असेल."

"पर नळी गळत न्हाय ना आता?"

"एक थेंबही नाही, बाबा."