कोंड्याची रेघ

बाबा,

हे लिहायचं मी लय दिवस टाळलं. दरवेळी काहीतरी निमित्त सापडायचं. हैदराबादला होतो तेव्हा म्हटलं मराठी लिहायची सवय गेली, गोव्यात म्हटलं घाम कागदावर पडतो, आणि मागच्या महिन्यात वरठीला खोली घेऊन होतो तेव्हा तर पेन, कागद, स्टूल सगळं समोर होतं, तरी मी एक ओळ लिहून खाली पोहे खायला उतरलो आणि अंधार पडल्यावर परत आलो. मेलेल्या माणसाला लिहायचं तर घाई कशाची, असंही वाटायचं. आज लिहून राहिलो कारण दुसरं काही करण्यासारखं नाही. चिखल्याला आपल्या मैदानावर, तुम्ही उभे राहायचे त्याच बाजूला, बॉलवर बसलो आहे. चारला खेळ ठेवला होता. चार कधीच वाजून गेले. कोणी आलेलं नाही.

खाणीच्या कॉलनीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात मी परवा टाकलं होतं, रविवारी चार वाजता मैदानावर फुटबॉल, ज्याला यायचं त्यानं या, बूट नसले तरी चालते. खाली अंगठे लय आले. अंगठा दाखवायला पाय लागत नाहीत हे मला कळायला पाहिजे होतं. तर मी मनाशी असं ठरवलं आहे बाबा, की एक माणूस जरी आला तरी आता इथंच राहायचं, काहीतरी काम धरायचं, फिरणं बंद. आणि कोणीच आलं नाही तर संध्याकाळच्या काळीपिवळी जीपनं तुमसर, आणि तिथून जी गाडी लागलेली असेल ती. बॅग भरून नाक्यावरच्या हॉटेलात ठेवली आहे. त्या हॉटेलच्या मागच्या खोलीतच मी पंधरवड्यापासून राहतो. हॉटेलवाले काका तुम्हाला ओळखायचे. सकाळी ते भजे तळत होते, बॅग पाहिली आणि झारा थांबवला.

"काहून बे, बॅग घेऊन खेळतेत का तुह्या गोव्यात?"

"कोणी नाई आलं तं जाईन म्हणतो काका."

"कुठी?"

"पाहू."

"पाहू हे कोणतं स्टेशन आहे? मले तं नाई माहीत." मग भजे उलटवत म्हणाले, "तुह्या बापाच्या टाइमले लोकं येत, काहून का घरी पंखा नोता. आता घरोघरी कूलर आहे. कूलर सोडून कोण तुह्या मांगं पयते?"

मी हसलो. पण मैदानावर आलोच, दुपारीच आलो, कारण रेघा मारायच्या होत्या. चुना नाही आणला. कोंडा आणला, राईस मिलचा, पोतंभर, तुम्ही आणायचे तसा. इथली माती मँगनीजनं काळी, त्यावर धानाचा कोंडा कसा पिवळा उठून दिसायचा. तुम्ही पोतं काखेत घेऊन, मागं मागं चालत, मूठ सैल सोडत एका दमात अख्खी बाजू ओढायचे आणि ती सरळ यायची. माझी आज वाकडी आली. कॉर्नरजवळ तर एका बोरीच्या झाडाला वळसा घालून गेली, जे झाड तुमच्या वेळेस नव्हतं. मी झाडाकडे पाहत बसलो थोडा वेळ. बोरं चांगली होती. तेवढ्यात वारा सुटला आणि अर्धा कोंडा खाणीतल्या मातीच्या डम्पाच्या दिशेनं निघून गेला.

तुमच्या वेळेसही तो उडायचाच. पहिला अर्धा डाव होईपर्यंत रेघ अर्धी राहायची आणि मग भांडणं. बॉल बाहेर गेला, नाही गेला. तेव्हा सगळे खेळणारे थांबून तुमच्याकडे पाहतात. "काका, गेला का भाईर?" तुम्ही तिथंच उभे, जिथं सुरुवातीला रेघ होती, चपला बरोबर तिच्यावर, इंचभर हललेले नाहीत. तुम्ही बोट वर करता किंवा करत नाही, आणि खेळ पुढे चालू होतो. एवढ्या आडदांड माणसांतला एकही तुमच्याशी वाद घालत नाही. तुम्ही स्वतः कधी खेळला नाहीत. मी विचारलं होतं काहून, तर म्हणाले, "खेळणारे लय भेटते. पाहणारा भेटत नाई. सारे आपल्या पोराले पाहाले येते, खेळ कोणी नाई पाहात." मला तेव्हा वाटायचं की माझ्या बापाला खेळता येत नाही म्हणून तो असं बोलतो. आताही थोडं तसंच वाटतं, पण वाक्य खरं आहे. कामावर, बसमध्ये, सगळीकडे मी ते तपासून पाहिलं.

आणि तो भोंगा. हे मी हैदराबादच्या पोरांना सांगितलं तर ते मला खोटारडा म्हणाले. मी सांगितलं, आमच्याकडे मॅच ठेवायची ती अशी की बरोबर मधोमध पाळी बदलली पाहिजे. भोंगा वाजला की मैदानावरचे निम्मे लोक डोक्यावर टोपी घालून खाली खाणीत जायचे आणि खालून वर आलेले त्यांच्या जागी उभे राहायचे. गोल तेच, मोजणी तीच, माणसं दुसरी. बूट थोडेच होते. जाणारा बसून बूट काढतो, येणारा उभ्या उभ्या त्यात पाय घालतो, आणि तुम्ही मध्ये वाकून कोणाचा पाय कोणाच्या बुटात बसेल ते लावून देता. "तू याचे घाल. तुह्या अंगठ्याले लागीन, फडकं कोंब." एकदा एकजण म्हणाला, काका, बूट गरम आहे अजून, घामानं भिजलेला. तुम्ही म्हणाले, "थंडा पाह्यजे तं दुकानातून आण." पाच गोलांनी मागं असलेल्या टीमच्या जागी येऊन कोणी कधी म्हणालं नाही की हे गोल आम्ही नाही खाल्ले. आले, बूट घातले, पाच गोल आपले मानले, खेळायला लागले. हैदराबादच्या एका पोरानं विचारलं, मग जिंकायचं कोण? कोण जिंकायचं बाबा? मला खरंच आठवत नाही.

मी कुठं होतो. हां, पाहण्याचं.

तुम्ही सगळ्या गोष्टी बॉलवर नेऊन ठेवायचे, आईचा त्यानं जीव जायचा. बाजारात गेलो की म्हणायचे, जो सगळ्यात मोठ्यानं ओरडते त्याची वांगी किडकी, मैदानातही जो हात वर करून बॉल मांगते त्याले देऊ नये. वरातीत नाचणाऱ्यांना पाहून म्हणायचे, एकही पोट्टा जागा धरून नाचत नाई. आई चुलीवरून म्हणायची, "जागा धरून तं तुमी बसले आहा, जेवता का उठता?" आणि त्या दिवशीचं मला अजून लागतं. गोलात उभ्या आमच्या गोलीनं सोपा बॉल सोडला आणि मी लाइनीवरून त्याला आईवरून शिवी दिली. तुम्ही मारलं नाही. माझा दंड धरून मला गोलच्या मागं नेलं. तिथं जाळी नव्हती, सरळ नाला होता. म्हणाले, "पाहून घे. त्यानं बॉल सोडला का त्यालेच उतरून आणा लागते. बाकी दहा जण किती चुकले कोणी मोजलं नाई. याचं सगळ्या कॉलनीले दिसलं." मग मला नाल्यात उतरवलं बॉल आणायला. चिखल गुडघ्यापर्यंत. रात्री जेवताना भाजीत मीठ नव्हतं, मी तोंड वाकडं केलं, आणि तुम्ही माझ्याकडे पाहून भाकर मोडली. मला बरोबर समजलं की घरात गोली कोण आहे. आईला नाही समजलं, तिनं मिठाचा डबा सरकवला आणि म्हणाली, "काय झालं बाप्पा दोघांले?"

आई आता एकोडीला मामाकडे असते. बरी आहे. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत अजून बांधीतल्या चिखलात उतरते, कोणाचं ऐकत नाही. मला फोनवर दर वेळी एकच विचारते, जेवला का. कुठं आहेस हे विचारणं तिनं सोडून दिलं.

परवा मी आपल्या क्वार्टरकडे गेलो होतो. जायचं नव्हतं, पण पायाला रस्ता माहीत असतो. तुम्ही गेल्यावर ते सोडावं लागलं तेव्हा मी आठवीत होतो, आणि त्यानंतर इतक्या खोल्या बदलल्या, पण झोपेतून उठलो की दार अजून डाव्या हातालाच वाटतं. आता तिथं दुसरे लोक आहेत. दारात एक बाई गहू पाखडत होत्या. म्हणाल्या, "कोण पाह्यजे?" मी म्हटलं, "पाणी पाह्यजे होतं जरासं." त्यांनी स्टीलच्या गिलासात आणून दिलं. मी तिथंच उभं राहून प्यायलो. आतलं स्वयंपाकघर दिसत होतं, आईचं फडताळ होतं तिथं आता फ्रिज आहे, आणि ओट्याचा कोपरा अजून फुटलेला. मी पाणी हळू प्यायलो. त्या म्हणाल्या, अजून देऊ का. मी हो म्हटलं. तहान नव्हती बाबा.

असं आहे की मी जिथं गेलो तिथं मला खेळ मिळाला. गोव्यात हॉटेलात भांडी घासायचो तर समुद्रावरची पोरं मला रोज संध्याकाळी घ्यायची. हैदराबादला शाळेच्या मागं खेळायचे, तिथंही घेतलं. बॉल असला की कोणी नाव विचारत नाही. ते चांगलं वाटायचं, आणि मग एका दिवसापासून वाटेनासं झालं. खेळ संपला की सगळे घराकडे पांगायचे आणि मी उभा राहायचो, की आता मी कोणीकडे? तेव्हा वाटलं, चिखल्याला जाऊ. तिथं निदान कोणी म्हणेल, अरे, हा त्या लाइनीवरच्या काकाचा पोट्टा. पंधरवड्यात हॉटेलवाले काका सोडून कोणी म्हणालं नाही. लोक वाईट नाहीत. जे होते ते रिटायर होऊन आपापल्या गावी गेले, नवीन आहेत त्यांनी तुम्हाला कुठं पाहिलं.

आणि आता लिहिता लिहिता मला एक समजलं, आणि स्वतःचंच हसू येऊन राहिलं. रविवार. मी रविवार ठेवला. खाणीत कोणाचा रविवार असतो बाबा? कोणाची सुट्टी मंगळवारी, कोणाची शुक्रवारी. आणि चार वाजता म्हणजे दुसऱ्या पाळीचे खाली, पहिल्या पाळीचे आंघोळ करून आडवे झालेले, तिसरीचे झोपेत. खाणकामगाराचा पोरगा, आणि खेळ ठेवला मोबाइलच्या घड्याळावर. तुम्ही कधी कोणाला वाजले किती सांगितलं नाही. तुम्ही म्हणायचे, "पाळी सुटली का या." एवढंच. मी दुसऱ्या शहरांत इतकं राहिलो की सगळ्या जगाला रविवार असतो असं मला वाटायला लागलं.

पण हे समजून आज काही फरक पडत नाही. गाडी आजचीच आहे. ठरवलं म्हणजे ठरवलं, नाहीतर मी पुढच्या आठवड्यावर टाकीन, मग त्याच्या पुढच्या, मला मी माहीत आहे. ऊन डम्पाच्या मागं गेलं आहे. मैदानावर दोन शेळ्या आल्या, त्यांनी बोरीचा पाला खाल्ला आणि गेल्या. त्यांना मोजायचं का असा विचार मनात येऊन गेला. नाही मोजलं. कागदही संपत आला आहे, हे कुठं टाकायचं तेही माहीत नाही, खिशातच राहील.

थांबा. कोणीतरी येऊन राहिलं.

सायकलवर आहे. डम्पाच्या बाजूनं, जिकडे ठेकेदारानं बाहेरून आणलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. मी त्यांना बोलावलंच नव्हतं, ते कॉलनीच्या ग्रुपवर नाहीत, आणि मला ते आठवलेही नाहीत. मी, ज्यानं बाहेरगावी चार वर्षं तशाच पत्र्याखाली काढली. माणूस चाळिशीचा असेल, पायात खाणीचे गमबूट, केस ओले. सायकल बोरीला टेकवून उभा राहिला.

"होटलवाले चाचा बोले, एक लड़का अकेला बॉल पे बैठा है। सच में बैठे हो।"

मी म्हटलं, "हां, बैठा तो हूँ।"

"हम ओडिशा से हैं। गाँव में फॉरवर्ड खेलते थे।" मग इकडे तिकडे पाहून, "और कोई नहीं है?"

"नहीं।"

"चलेगा।" त्यानं गमबूट काढले, आत पायमोजे नाहीत, पायाची बोटं काळी. आता तो पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून राहिला आणि अगदी गंभीर तोंडानं मला विचारून राहिला, "ऑफसाइड रखना है क्या?"

बाबा, खेळायला आम्ही दोघंच आहोत हे मी त्याला सांगू शकतो, पण खरं कारण तुम्हाला सांगतो. मला ऑफसाइड कधीच समजला नाही. तुम्ही ओट्यावर बटाटे मांडून कितीदा समजावलं, हा आपला, हा त्यांचा, हा गोली, आणि मी दर वेळी हो हो म्हटलं, कारण बटाटे सरकवताना तुम्ही इतके खूश असायचे. मग आई ते उचलून चिरायची. मला आजपर्यंत एवढंच माहीत आहे की त्यात काहीतरी आधी पोचलेल्याची चूक असते.

तो वाट पाहून राहिला. मी हो म्हटलं आहे.