खराब पट्टीचे आभार

प्रिय धाकटे,

पाकीट उघडताना आत काहीतरी कडक हाताला लागलं असेल. ते आत्ताच काढू नकोस, पत्र वाचून झाल्यावर बघ. आणि पत्र सावकाश वाच. फोनवर तुला नेहमी घाई असते, मध्येच दुसरा फोन वाजतो, नाहीतर कोणीतरी दारात येतं. म्हणून मुद्दाम लिहायला बसले. जेवणं आटोपलीत, ओटा पुसून झालाय, आमचे हे तोंडावर पेपर घेऊन झोपलेत. तू दिलेल्या कॉम्प्युटरचं पुढे काय झालं, ते तुला सांगायचं राहूनच गेलं होतं.

तू तो पाठवलास तेव्हा मला किती कौतुक वाटलं होतं! खोक्यावर पेन ड्राइव्ह चिकटपट्टीने लावलेला आणि तुझ्या अक्षरात चिठ्ठी, ‘ताई, हा लावून आधी नवीन सिस्टिम टाक. जुनं सगळं पुसून जाईल. पुसल्याशिवाय वापरू नकोस.’ त्याच दिवशी तीनदा फोन करून तू तेच सांगितलंस. व्हायरस असतात म्हणालीस. मला वाटलं, किती ही काळजी. हे मात्र म्हणाले, “तिने स्वतःच का नाही पुसून दिला? तू कोणाचं भांडं परत करतेस तेव्हा घासूनच करतेस ना?” मी त्यांच्यावरच चिडले. माझ्या धाकटीबद्दल कोणी वाकडं बोललेलं मला तेव्हा खपत नसे.

देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पंखा घरघरला, पडद्यावर एक पांढरी रेघ सरकायला लागली, अर्ध्यावर गेली आणि सगळं काळं झालं. पुन्हा लावलं तर रेघ दिसण्याआधीच बंद. तिसऱ्यांदा तर भाषा निवडायची यादी आली, त्यात मराठी दिसली, मी हरखून ‘अहो, या बघायला’ म्हणेपर्यंत पडदा गोठला. हे आले ते माझं तोंड बघायला. तीन दिवस हाच खेळ. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही, नुसता कान लावून ऐकलं आणि म्हणाला, “काकू, बोर्ड गेलाय याचा. भंगारात द्या, उगाच जीव अडकवू नका.” तुला फोन केला तर तू हसलीस. “राहू दे गं ताई, माझ्याकडेही तो असाच करायचा. तुला नाही जमायचं ते. भंगारवाल्याला देऊन टाक. पण आतली डिस्क आधी हातोडीने फोड हं.” मी फोन ठेवला. जुन्या चादरीची पायपुसणी आणि पायपुसण्यांची झाडाझुडीची फडकी करणारी बाई मी. धडधाकट वस्तूवर हातोडी घालायची कल्पनाच मला सहन होईना. आणि खरं सांगू? ‘तुला नाही जमायचं’ हे जास्त लागलं.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. दूध नासायला लागलं की आपण भांडं, पळी आणि दूधवाला एकदम बदलत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. आधी भिंतीतलं प्लगचं भोक बदललं. नंतर झाकण उघडून रंगाच्या ब्रशने धूळ काढली, पंख्यात तर उंदराचं अंथरूण निघावं इतका कापूस होता. नंतर वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंकडे जाऊन पेन ड्राइव्ह नव्याने भरून आणला. प्रत्येक वेळी किती वाजता लावलं, कुठे अडलं, ते वहीत उतरवत गेले. त्या बाई भल्या आहेत. त्यांनी माझी वही वाचली आणि चष्मा वर सरकवून म्हणाल्या, “ताई, हे दरवेळी वेगळ्याच जागी अडतंय. पेन ड्राइव्ह खराब असता तर बहुधा एकाच जागी अडलं असतं. मेमरी तपासा.” त्याच पेन ड्राइव्हवर मेमरी तपासायची सोय होती. लावली, आणि पडद्यावर लाल ओळी अशा धो धो वाहायला लागल्या की मी घाबरून देवाजवळचा दिवा आधी नीट केला.

मेमरी म्हणजे आत बसवलेल्या बोटभर लांबीच्या दोन हिरव्या पट्ट्या. कॉम्प्युटर चालू असताना जे जे करतो ते ते त्यांच्यावर मांडून ठेवतो, आपण ओट्यावर चिरलेलं मांडतो तसं. वायर काढून, अंगातली वीज उतरावी म्हणून लोखंडाला हात लावून, मी दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांची सोनेरी टोकं खोडरबराने घासली. मग एक लावून तपासणी केली. लाल. दुसऱ्या खाचेत बसवली, तरी लाल. तिला बाजूला ठेवून दुसरी लावली, आणि सकाळची भांडी घासून, कपडे वाळत घालून, जप करून येईपर्यंत एकही लाल ओळ नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं गं. यांना हलवून सांगितलं, तर हे तुझं ते घर चालवण्यावरचं पुस्तक उघडून बसले. “हे बघ, तुझ्या बहिणीने किती छान लिहिलंय, ‘एका वेळी एकच गोष्ट बदला.’ तिचंच शिकलीस की!”

धाकटे, ते वाक्य कोणाचं आहे, हे तुला आणि मला दोघींना माहीत आहे. चार वर्षांपूर्वी तू माझ्या तिन्ही वह्या वाचायला म्हणून नेल्यास. अठरा वर्षं ओट्यापाशी उभं राहून लिहिलेलं घर चालवायचं सगळं शहाणपण त्यांत होतं. महिन्याभराने रिकाम्या हाताने आलीस. नळ फुटला, वह्यांचा लगदा झाला म्हणालीस आणि इतकी रडलीस की मीच तुला पाणी दिलं. पुढच्या वर्षी तुझं पुस्तक आलं. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, “आईने आपल्या दोघींनाही शिकवलंय ते, त्यात तुझं एकटीचं काय?” दाखवायला माझ्याकडे कागदाचा चिठोरा नव्हता. हळूहळू मलाच वाटायला लागलं, असेल, आईचंच असेल, मीच गर्व करते. देवापुढे बसून मी त्या गर्वाची क्षमा मागितली. तुझ्या पायी मी माझ्याच वाक्यांची क्षमा मागितली.

आणि त्या पुस्तकातली ती भोळी ताई! प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला तिची एक फजिती. दूध उतू जाताना भांडं सोडून झाकण उचलणारी, किल्ली पिठाच्या डब्यात ठेवून घरभर शोधणारी, ‘जेमतेम मॅट्रिक’. आता भाजीवालासुद्धा मला विचारतो, “काय भोळ्या ताई, आज काय विसरलात?” मी हसते. पिशवी उघडून पुढे धरते.

तर चांगल्या पट्टीवर ती पांढरी रेघ शेवटपर्यंत गेली. मराठीत प्रश्न आला, डिस्कवरचं सगळं पुसून सिस्टिम बसवायची का? माझं बोट बटणावर होतं. दाबलं नाही. तुझ्या पुस्तकाचं नववं पान आठवतंय? ‘कुठलाही डबा धुवायला टाकण्याआधी आतून बोट फिरवून पाहावं.’ माझ्या पहिल्या वहीतलं पहिलं वाक्य आहे ते. तू ते छापलंस, पण पाळलं नाहीस. तुझ्याकडेही हा कॉम्प्युटर पुसायच्या आधीच कोलमडत असणार. डिस्कपर्यंत तो कधी पोचलाच नाही. तुला वाटलं, मेला. आणि मेलेली वस्तू ठेवायला भोळी ताई बरी.

सिस्टिम न बसवता नुसती वापरून पाहायचीही सोय असते. मी ती निवडली, डिस्क उघडली. तुझे सहलीचे फोटो, विजेची बिलं, आणि एका कप्प्यावर नाव, ‘ताई वह्या’. दोनशे चौदा फोटो. माझं अक्षर, तेलाचे डाग, कोपऱ्यात यांनी रेघोट्या मारून पेन चालतंय का बघितलेलं ते पान. एकही पान भिजलेलं नाही. पहिल्याच फोटोत वही दाबून धरलेला तुझा डावा अंगठा आहे, वाकड्या नखाचा. तू पाच वर्षांची असताना तो दारात सापडला होता. आई बाहेर गेली होती, आणि मी तो अंगठा तोंडाजवळ धरून संध्याकाळपर्यंत फुंकर घालत बसले होते. ते नख मी जगात कुठेही ओळखेन.

मी लगेच फोन केला नाही. फोन केला असता तर तू रडली असतीस, आणि मी पाणी द्यायला धावले असते. नऊ दिवस मी देवापुढे बसून सांगत होते, माझा राग काढून घे. त्याने घेतला नाही. कशासाठी तरी ठेवला असेल, असं मी धरून चालले. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करत होते, अजूनही करते. फक्त मागणं बदललंय. पूर्वी तुला यश मागायचे, आता फक्त एवढंच मागते की उद्या तुझी तब्येत ठणठणीत असू दे आणि कार्यक्रमाला येण्यात तुला कसलीही अडचण येऊ नये.

कारण उद्या वाचनालयाच्या सभागृहात तुझ्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचा कार्यक्रम आहे. “ताई, तू ये, तुला स्टेजवर बोलावून ही खरी भोळी ताई म्हणून दाखवते, लोक लोटपोट होतील,” असं तू म्हणालीस. मी हो म्हटलं. तुझे फोटो पडद्यावर दाखवायला ग्रंथपाल बाईंना एक कॉम्प्युटर हवा होता. मी म्हटलं, माझा घ्या, आता ठणठणीत चालतो. त्यांना मी आधी सगळं दाखवलं. सुरुवातीला त्या म्हणाल्या, “ताई, शांतपणे घ्या, घरातलं घरात मिटवा.” मग त्यांनी माझ्या पहिल्या वहीचा फोटो आणि तुझं नववं पान शेजारी शेजारी ठेवून वाचलं, आणि पडद्याची वायर किती लांब आहे ते मोजायला उठल्या.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पोस्टाने आधी पोचलं असतं तर तुला ताप आला असता. तू स्टेजवर बसलीस, अध्यक्षांचं भाषण सुरू झालं, की ग्रंथपाल बाई ते तुझ्या हातात देतील. त्यांची भाषणं लांबतात, म्हणून मीही ऐसपैस लिहिलं. आता पाकिटातली पट्टी बाहेर काढ. हीच ती खराब. ही चांगली असती तर तुझं सगळं कधीच पुसलं गेलं असतं, म्हणून रोज तिचे आभार मानून मी ती देवाजवळ ठेवली होती. आता ती तुझी. पाचशे माणसं समोर आहेत, तेव्हा चेहरा हसरा ठेव. तुझ्या उजव्या हाताला, पडद्याशेजारच्या टेबलामागे निळ्या साडीत बसलेय ती मी. टाळ्या वाजल्या की मी बटण दाबणार आहे, आणि या वेळी कॉम्प्युटर मध्येच बंद पडणार नाही. पहिला फोटो तुझ्या अंगठ्याचा आहे. मान वर कर.

तुझीच,
भोळी ताई