वापरात नाही, हवे असल्यास कळवा

३ फेब्रुवारी
सोलापूर एकदम पसंत. होटगी रोडला खोली मिळाली. घरमालकीण फुलाबाई पहिल्याच दिवशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी देऊन गेल्या. आमची कंपनी टॉवेल विणणाऱ्या मागांवरच्या कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवते. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. घरातल्या कर्त्या माणसासारखा तो सगळ्यांचं बघतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात भंगारात गेलेल्या यंत्रांचा जुना कोड साठलाय, तो काढायचं काम माझं. मला अडगळ फेकायची भारी हौस, गावी मोहोळला आई त्यावरूनच माझ्या नावानं खडे फोडायची.

६ फेब्रुवारी
वेणीमाधव साहेबांनी पद्धत सांगितली. जुन्या कोडला आधी इशारा जोडायचा : 'वापरात नाही. हवे असल्यास कळवा.' तो सगळ्या कारखान्यांच्या स्क्रीनवर दिसतो. मुदतीत कुणी कळवलं नाही, तर कोड उडवायचा. गप्प बसला त्याचा होकार धरायचा. शेजारी संगप्पा बसतात, अक्कलकोटचे, एकटा जीव. मागांवर सिस्टीम तपासण्यात त्यांचा जन्म गेला. ते म्हणाले, "ज्याला गरज हाय त्याला कळवायला सवड कुटं असती?" मला हसू आलं.

२० फेब्रुवारी
सगळा जुना कोड गेला, साहेब खूश. तरी सकाळी स्क्रीनवर नवा इशारा : 'संगप्पा. वापरात नाही. हवे असल्यास कळवा. मुदत आजची.' मला वाटलं त्यांनीच थट्टा केली. ते मात्र हसले नाहीत. "कळवा की बाई कुनीतरी," एवढंच म्हणाले. नंतर कळवू म्हटलं आणि राहून गेलं.

२१ फेब्रुवारी
संगप्पा नाहीत. त्यांचं टेबल नाही, खुर्ची नाही. साहेब म्हणाले, या नावाचा माणूस आपल्याकडे कधीच नव्हता. माझ्या फोनमध्येही त्यांचा नंबर नाही. घाईघाईनं कळवलं, संगप्पा हवे आहेत. स्क्रीनवर आलं, 'असे काही नाही.' एक ओळ तर टाकायची होती. माझ्यामुळे माणूस गेला.

२४ फेब्रुवारी
आज इशारा माझ्या नावाचा. मुदत आजचीच. मीच कळवलं, मी हवी आहे. उत्तर आलं, 'वापरणाऱ्याने कळवावे.' साहेबांचे पाय धरले. जेवून कळवतो म्हणाले. जेवून आले ते थेट मीटिंगला गेले. दार वाजवलं. उघडलं नाही —

२५ फेब्रुवारी
साहेबांनी विचारलं, कुणाला भेटायचंय?
फुलाबाई म्हणाल्या, खोली रिकामीच हाय, बघता का? माझे कपडे, माझी गादी — काहीच नाही.
फार भीती वाटतेय. एसटी स्टँडवर बसलेय. आईला फोन लावते. आई तरी —

उचलला. "कोन बोलतंय?"

आई, मी. ती म्हणाली, बाई, मला लेक न्हाय. आवाज मात्र ग्वाड हाय तुझा. मी रडले. म्हटलं, एकदाच म्हणा, ही आमची हाय, आमाला हवी हाय. नाव घेऊन म्हणा, बास.

तिला कणव आली. म्हणाली, "म्हनते की. नाव काय म्हनालीस?"

नाव —

आई थांबलीय. फोन चालू आहे. मी मागची पानं चाळतेय, कुठंतरी लिहिलं असेल, मी