वर धरलेली करंगळी

आई, आज संध्याकाळच्या आत तीन सिनेमांची परीक्षणं पेपराला द्यायची होती. दोन गेली. विनोदी सिनेमाला वेळ लागला नाही, कारण हसूच आलं नाही. मुठा खोऱ्यातल्या रिकाम्या बंगल्यांची राखण करणाऱ्या माणसांवरचा माहितीपट चांगला होता, तसं लिहून टाकलं. घोडं अडलं ते तिसऱ्यापाशी. कौटुंबिक सिनेमा आहे आणि त्यात आपलं स्वयंपाकघर आहे. इथं बावधनला खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसलोय, चहा दोनदा गार झाला. तू म्हणाली असतीस, आधी दोन घास खा, मग काय करायचं ते कर.

तू सिनेमे बघितलेस ते शेजारच्यांच्या टीव्हीवर, रविवारी, तांदूळ निवडता निवडता. गोष्ट कुठंही जावो, तुझं एकच, "ह्यांच्या घरात सैपाक कोण करतं रं?" बायका हसायच्या. मी आता तोच प्रश्न जड शब्दांत विचारतो आणि लोक म्हणतात, काय नजर आहे तुमची. पण आज डोक्यातून जात नाही तो दुसराच दिवस. भाताची लावणी चाललीय, बायका वाकलेल्या, मी बांधावर उभा राहून आदल्या दिवशीचा सिनेमा सांगतोय. रंगात येऊन मी एक मारामारी घुसडतो, सिनेमात नव्हती ती. तू चिखलातून मान वर करतेस. "बघितलंस तेवढंच सांग. न्हाईतर गप ऱ्हा." चारचौघींत बोललीस, कान तापले होते माझे. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं पोट भरतोय.

दादानं गावचं घर शूटिंगला दिल्याचं मला ठाऊक होतं. आपल्याकडं हल्ली कुणी खोल्या भाड्यानं देतं, कुणी जमीन विकतं, दादा घर शूटिंगला देतो. संपादकांच्या कानावर हे आधीच घालायला हवं होतं. म्हटलं, चार भिंतींचं काय एवढं, आणि पत्रकारांसाठी ठेवलेल्या खेळाला जाऊन बसलो. ज्या भिंतीला तू दर दिवाळीला चुना द्यायचीस तिला त्यांनी काजळी फासलेली, गरिबी दिसावी म्हणून. असा राग आला. मग नायिका चुलीपुढं बसते आणि पडद्यावर नुसते हात येतात. परातीत भाकरी फिरतेय, आणि डाव्या हाताची करंगळी वर. तुझी तशी राहायची, विळा लागून आखडली होती म्हणून. मला रडू फुटलं. बाजूच्यानं पाण्याची बाटली पुढं केली. घरी येऊन लिहिलं की नायिकेनं गावातल्या बायकांमध्ये राहून केवढा बारीक अभ्यास केलाय, अख्खा सिनेमा त्या हातांनी पेललाय. चार स्टार दिले.

पाठवायच्या आधी, मघाशी, दादाला फोन केला, भिंत धुतली का म्हणून. वहिनीनं उचलला.

"भावजी, हात बघितलं का? माजं हायेत."

"म्हणजे?"

"त्या बाईला कुटं येतीया भाकरी. मोडायचीच सारखी. मग मलाच बशिवलं, तिच्या बांगड्या घालून. त्वांड न्हाई घेतलं."

"पण वहिनी, तुमची करंगळी वर कशी?"

"आत्याबाईंचं बघूनच शिकले की. मला वाटलं अशीच धरत्यात. आता खाली घेतली तर भाकरी फाटती." मग हळूच, "पेपरात तुमीच लिव्हताय न्हवं? माजं नाव येईल व्हय?"

मागून दादा ओरडला, "लिव्हू नको म्हनावं त्याला. रुसली ती लोकं तर पुन्हा येतील व्हय हितं?"

फोन ठेवला आणि ते परीक्षण पाठवायला हात होईना. म्हणजे मी पुन्हा नसलेली मारामारीच सांगत होतो की. हात काढून घेतले तर त्या सिनेमात काय उरतं? कदाचित काही नाही. कदाचित चांगलाही असेल. मला कळत नाही, आई, आणि माझा तर धंदाच कळण्याचा. भीती वाटते, लई भीती वाटते. आजवर ज्या ज्या सिनेमाला चांगलं म्हटलं, तिथं मी नक्की काय बघत होतो? शेवटी ते परीक्षण पुसून टाकलं. संपादकांना कळवलं की घर आमचं आहे, हात माझ्या वहिनीचे आहेत, तिचं नाव लिहिलंय ते तेवढं छापा, आणि सिनेमा दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावा. दादा आता बरेच दिवस माझ्याशी बोलायचा नाही. संपादकांचं उत्तर आलेलं नाही. फोन पालथा घालून ठेवलाय.

त्यांना एवढंच लिहिलं. हे पुढचं कुणाला पाठवायचं नाही, तुलाही कुठं पाठवणार. पहिली भाकरी तू गाईला काढून ठेवायचीस आणि दुसरी तव्यावरून थेट माझ्या ताटलीत. सिनेमात पहिली भाकरी तव्यावर पडली आणि सीन तिथंच कापला. मी खुर्चीत पुढं सरकून बसलो होतो, दुसरीची वाट बघत.