नऊ नखं

ता. ४ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

उभ्याने वाचत असशील तर आधी बस. कुणी गेलेलं नाही, माझं लग्नही मोडलेलं नाही. निदान आजपर्यंत तरी.

गेल्या वर्षी आमच्या फ्रेमच्या कारखान्यात सगळ्यांनी रक्तदान केलं. बिस्किटं खाऊन मी विसरूनही गेलो. मग रक्तपेढीचं बोलावणं आलं. माझ्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू निघाला. तेव्हापासून चार वेळा तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणतात, मी आजारी नाही, नुसता वाहक आहे. विषाणू झोपलेला आहे आणि यकृत ठणठणीत आहे. बहुतेकांचा जन्म असाच सुखरूप जातो. पण तो कधी जागा होईल याचा नेम नसतो, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, कायमचं.

ग्रंथपालबाईंना, म्हणजे तुझ्या होणाऱ्या भावजयीला, मी यातलं काही सांगितलेलं नाही. लग्न दोनदा पुढे ढकललं. एकदा घराच्या रंगाचं निमित्त केलं, एकदा कामाच्या गर्दीचं. परवा माझ्या बोटात काच गेली. ती काढायला तिने चिमटा घेऊन हात पुढे केला, तर मी तिच्या अंगावर असा खेकसलो की बिचारी पांढरीफटक पडली. सांगितलं तर ती जाईल आणि नाही सांगितलं तर मी तिला फसवतोय. ताई, मला दोन्हीकडून दार बंद आहे.

आणखी एक. हे बहुधा जन्मतःच आईकडून येतं, म्हणून तूही तपासून घे. रेझर, ब्रश, नेलकटर, ज्याला रक्त लागू शकतं ते वेगळं ठेव. बाकी कशाने काही होत नाही.

भावोजींना यातलं काही बोलू नकोस. चिमणीला पापा. रागावलीस तरी लोभ तेवढा काढून घेऊ नकोस.

तुझा,
खिळ्या

ता. १२ मार्च

चि. खिळ्यास,

अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

वर्षभर हे पोटात घेऊन बसलास? लहानपणी खिळा गिळलास तेव्हाही संध्याकाळपर्यंत गप्प बसला होतास. सवय काही गेली नाही. आणि मला सांग, तू कारखान्यात स्वतःचा कप वेगळा ठेवतोस म्हणे. (तुझ्या मुकादमाच्या बायकोने सांगितलं, तिला वाटतं तुला शिष्टपणा चढलाय.) डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना की कपाने काही होत नाही? मग अस्पृश्यासारखा का वागतोस स्वतःशी?

उठ आणि तिला सांगून टाक. दोन वाक्यांचं काम आहे. राहील तर राहील, जाईल तर कोण कसं आहे ते वेळेवर कळेल. इतकं घाबरण्यासारखं काय आहे त्यात?

मी तपासून घेईन, तुझ्या समाधानासाठी. पण नेलकटर वेगळं करायचं म्हणजे जरा पंचाईत आहे. तुझी नखं रविवारी अंघोळीनंतर मी कापायचे, तशीच इथेही रांग लागते. चिमणीची दहा, यांची नऊ. दुरुस्तीला आलेल्या घड्याळांची झाकणं उघडायला उजव्या अंगठ्याचं नख राखलेलं असतं ना! आणि नेलकटर अजून आईचंच आहे.

तिला सांगितल्याचं कळव, नाहीतर मीच येऊन सांगेन. माझी माया आहेच, तिला धाक समज.

ताई

ता. २३ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. दोन वाक्यांचं काम नव्हतं. वाचनालय बंद झाल्यावर रिकाम्या टेबलाशी बसून अर्धा तास नुसता घाम पुसत होतो. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, की हे मला कधीपासून माहीत आहे. वर्ष झालं म्हटल्यावर उठून निघून गेली. नऊ दिवस तोंड दाखवलं नाही.

दहाव्या दिवशी कारखान्याच्या दारात उभी, दंडाला कापूस लावलेला. रक्त तपासून आली होती, ते स्वच्छ निघालं आणि लगेच लसही टोचून घेतली. सहा महिन्यांत तीन टोचायच्या, मग लस लागू पडली का ते तपासायचं. तोवर काळजी घ्यायची (कसली ते तुला सांगायला नको). तिला विषाणूचं फारसं काही वाटलं नाही म्हणे, पण त्या वर्षाचं वाटलं. त्याबद्दल अजून रोज टोमणे खातोय, आनंदाने.

पण ताई, सहा आठवड्यांत तुझी एक ओळ नाही. तुझ्या तपासणीचं काय झालं? मला आता त्याची भीती वाटते. तुझ्या धपाट्यांची वाट पाहतो, मायाही त्यातच आली.

खिळ्या

ता. २ मे

चि. खिळ्यास,

अनेक आशीर्वाद.

मलाही आहे.

माझ्या मागच्या पत्रानंतर आठवड्याने कळलं. डॉक्टर म्हणाले, तुझ्यासारखाच झोपलेला दिसतो, पुन्हा तपासून खात्री करू. घरच्यांना घेऊन या म्हणाले. चिमणीला तान्हेपणी लस दिलेली आहे, कार्ड सापडलं, तरी तिचं रक्त तपासायचं. यांना लस नाही. चौदा वर्षांचा संसार आहे, खिळ्या. मोठेपणी लागण झाली तरी बहुतेकांचं शरीर ती परतवून लावतं, असं डॉक्टर म्हणतात. ते ‘बहुतेक’ मला रात्रंदिवस खातं.

तुझ्या कपावरून तुला बोलले ना? मी आता माझं ताट, पेला, टॉवेल, सगळं वेगळं केलंय. डॉक्टरांचं सगळं कळतं, पण हात ऐकत नाहीत. आई कशाने गेली ते तेव्हा कुणी नीट सांगितलं नाही. पोट सुजलं होतं एवढं आठवतं, आणि ते आठवलं की मी माझंच पोट चाचपून बघते.

रविवारी चिमणी हात पसरून बसली. नेलकटर हरवलं, असं मी म्हणाले. पुढच्या रविवारी यांनी शोधायला सगळे खण उपसले, आणि ते माझ्या पदरात बांधलेलं होतं. तेव्हापासून हे काही विचारत नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर मी सुटले असते.

तुला म्हणाले, दोन वाक्यांचं काम आहे. मला एकही बोलता येत नाही. म्हणून हे पत्र मी पाकिटात घालत नाही. यांच्या कामाच्या टेबलावर, भिंगाखाली ठेवते. वाचून त्यांना वाटलं तर तेच टपालात टाकतील. तुझ्या हाती पडलं तर समज की त्यांनी वाचलं. पुढचं मला माहीत नाही. मला माया दे, या वेळी मी मागते.

ताई

ता. क. चि. खिळ्यास घड्याळवाल्याचे आशीर्वाद.

पत्र वाचलं. फार राग आला. सहा आठवडे ही माझ्या शेजारी बसून एकटी घाबरत होती आणि मी आपला भिंग लावून लोकांची घड्याळं बघत होतो. लिहिलं तेही तुला, मला नाही, हे लागलं. ते जायला वेळ लागेल. काल चिमणीने आणि मी रक्त तपासायला दिलं. गुरुवारी कळेल. भीती मलाही वाटते.

येताना तीन नेलकटर घेतली, ज्याचं त्याला. आज रविवार. चिमणीची झाली, मग मी बसलो. हिने नऊ कापली आणि सवयीने थांबली. मी उजवा अंगठाही पुढे केला. झाकणं उघडायला सुरी आहे म्हणालो. तिने अंगठा धरून ठेवलाय. नख काही कापत नाही आणि सोडतही नाही, म्हणून हे डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराला हसू नकोस.