दमास्कसची खोली

बाबा, त्या खोलीबद्दल आपण नंतर कधी बोललोच नाही. नॉटिंगहॅमबाहेरचं ते घर. कुणा जुन्या साहेबाने दमास्कसहून आणलेलं, तुर्की सुलतानांच्या काळातलं एक अख्खं दालन तिथे बसवलेलं होतं: रंगवलेलं लाकडी छत, भिंतींना निळ्या टाइल्स, खिडकीला बारीक जाळी. बरीच वर्षं बंद असलेलं ते घर दुरुस्त करून नुकतंच लोकांसाठी उघडलं होतं. ते काम बघणाऱ्या कमिटीत तुमच्या कन्सल्टंटची, म्हणजे वरच्या डॉक्टरची, बायको होती आणि तिनेच आपल्याला बोलावलं होतं. तुमचं हॉस्पिटलमधलं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि ते वाढवणं तिच्या नवऱ्याच्या हातात होतं. म्हणून आईला ठेवणीतली नारायणपेठ नेसायला लावलीत आणि मला गाडीत बजावलंत, "कशाला हात लावायचा नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

खोलीत आपण तिघंच. तुम्ही हात मागे बांधून छताकडे बघताय, आई जाळीतून बाहेरच्या हिरवळीकडे. तेवढ्यात दारावरचा अटेंडंट आत येतो आणि भिंतीपाशी वाकतो. एका टाइलचा कोपरा उडालेला आहे. "सर, हे तुम्ही केलंत?" तुम्ही नाही म्हणता. "मघाशी तर ती चांगली होती," तो म्हणतो आणि दारात आडवा उभा राहतो. त्याच्यामागे आलेली माणसं थांबून बघायला लागतात. मग तुम्ही म्हणता, "आय ॲम सॉरी. चुकून कोट घासला असेल." बाबा, तुम्ही भिंतीजवळ गेलाच नव्हतात.

आईला इंग्लंडला येऊन वर्षही झालं नव्हतं, पण सॉरी तिला कळत होतं. "तुम्ही माफी कशाची मागताय?" तिने मराठीत विचारलं. तुम्ही दबक्या आवाजात म्हणालात, "तू गप्प राहा. नोकरीचा प्रश्न आहे." "न केलेल्याची माफी मागून टिकणारी नोकरी मला नको," ती म्हणाली. अटेंडंट माझ्याकडे वळला. "तुझी आई काय म्हणतेय?" तुम्ही डोळ्यांनीच मला नको म्हणालात. मी सांगितलं, "ती म्हणते, यांनी हे केलेलं नाही." आणि मग, का कुणास ठाऊक, पुढे म्हटलं, "ती म्हणते, माझा नवरा डॉक्टर आहे. त्याच्या हातून काही मोडलं असतं, तर तुम्ही विचारायच्या आधी त्याने सांगितलं असतं." आई यातलं अक्षरही बोलली नव्हती, आणि ते कळणारे तिथे फक्त तुम्ही होतात. आता तुम्ही मला सगळ्यांसमोर खोटं पाडणार, असं वाटून मी बुटांकडे बघत राहिले. पण तुम्ही अटेंडंटला म्हणालात, "माझी बायको बरोबर बोलतेय. मी टाइलला हात लावलेला नाही. आम्हाला ज्यांनी बोलावलंय, त्या मॅडमना बोलवा."

मॅडम आल्या. हातमोजा काढून त्यांनी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "हा तुकडा बोटीतून येतानाच गेला होता. आम्ही मुद्दाम तसाच ठेवलाय." अटेंडंट दारातून बाजूला झाला. सॉरी कुणीच म्हटलं नाही. मॅडमनी चहाला थांबायचा आग्रह केला, तो तुम्ही हसून टाळलात.

कॉन्ट्रॅक्ट काही वाढलं नाही. आपण बेसिंगस्टोकला गेलो, तिथे तुम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्याचा त्या दिवसाशी संबंध होता की नाही, हे आपल्या घरात कुणी बोलून दाखवलं नाही. मला मात्र आठवतं ते त्या घराचं कार पार्क. आई मागे डोळे मिटून बसली होती. तुमच्या हातून किल्ली निसटली, ती मी उचलून दिली. "शेवटचं आई बोलली नव्हती," तुम्ही म्हणालात. मी हो म्हटलं. तुम्ही गाडी सुरू केलीत. "इंग्रजी चांगलं होतं."

ते कौतुक होतं की टोमणा, हे विचारायला तुम्ही असताना पुष्कळ वर्षं मिळाली. विचारलं नाही. खरं सांगायचं तर मी ते केव्हाच कौतुक म्हणून ठेवून घेतलं होतं आणि मला ते परत द्यायचं नव्हतं.